मागे घेतलेला शोध

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात हूडमध्ये होते. हूड म्हणजे समोर काच असलेलं, आत गाळलेली हवा खेळवणारं एक कपाट. त्यात हात घालून आम्ही काचेखाली कर्करोगाच्या पेशी सांभाळतो, त्यांचं जुनं खाद्य काढतो, नवं घालतो. हात आत असताना फोन घ्यायचा नाही, ही वाळुंज मॅडमनी लावलेली शिस्त. ॲप्रनच्या खिशात फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी शेवटची बाटली इनक्युबेटरमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि पाहिलं, तर मॅडमच्याच नंबरवरून आलेले फोन. म्हटलं, आता बोलणी खावी लागणार, पण का उचलला नाही हे सांगितलं की खूश होतील. परत लावला, तर उचलला त्यांच्या धाकट्या भावानं, रामभाऊंनी. "सुरेखाताई, आक्का गेली," ते म्हणाले. आणि तेच सांगत राहिले. "जेवली, म्हनली जरा पडते. च्या घेऊन गेलो तर... डाक्टर म्हनले, हार्ट. तिचा मोबाईल उघडला तर तुमचंच नाव वर हुतं, म्हनून पयला तुमाला लावला."

या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. डॉ. हेमलता वाळुंज हे नाव या पुरवणीच्या बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल. नगर जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय संस्थेत त्यांनी आयुष्यभर तोंडाच्या कर्करोगावर संशोधन केलं आणि आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलामुलींना पीएचडीसाठी तयार केलं. त्यांच्या नावावर मोठा शोध नाही. एक होता, तो त्यांनी स्वतःच मागे घेतला. त्याचीच ही हकिगत. मी ती आजवर कुठे लिहिली नव्हती. मॅडम असत्या तर आजही लिहू दिली नसती.

मी श्रीगोंदा तालुक्यातली. घरी ऊस, दोन म्हशी, आणि शिकलेली अशी मी पहिलीच. एमएस्सी झाल्यावर मॅडमकडे मुलाखतीला गेले ती आईची ठेवणीतली साडी नेसून. प्रोटीन, जनुकं, काय काय पाठ करून गेले होते. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. पारनेर तालुक्यातल्या गावाहून भावानं पाठवलेल्या भुईमुगाच्या शेंगा. त्यातल्या मूठभर माझ्यापुढे केल्या आणि म्हणाल्या, "तुला कंटाळा सहन होतो का?" मी म्हटलं, हो. "नीट विचार करून सांग. हुशारी लागतेच, पण ती सगळ्यांकडे असते. एकच गोष्ट शंभरदा करायची आणि शंभराव्यांदाही ती फसायची, हे जमेल का?" मी पुन्हा हो म्हटलं. तेविसाव्या वर्षी कशालाही हो म्हणता येतं.

पहिले कित्येक महिने मला पेशींना हात लावू दिला नाही. रंगीत पाणी एका नळीतून दुसऱ्या नळीत, पिपेटनं, थेंबाचा हिशेब न चुकवता. काचसामान धुणं. मीडिया, म्हणजे पेशींचं खाद्य, बनवून गाळणं. माझ्याबरोबर दत्ता नावाचा एक मुलगा लागला होता, पाथर्डीकडचा. त्याचे आईवडील दर हंगामाला ऊस तोडायला जायचे, आणि तो आजीपाशी राहून शिकलेला. तो म्हणायचा, "आपण पीएचडीला आलोय का भांडी घासायला?" मॅडमच्या कानावर ते जायचं, त्या हसायच्या. वीज जायची, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागायचा, मग आतली ऊब जाऊ नये, इनक्युबेटरचं दार कुणी उघडू नये म्हणून आम्ही त्याला पाठ लावून उभे राहायचो. पेशी गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो, तो पुण्याहून यायचा. एकदा गाडी आलीच नाही. मॅडमनी शेजारच्या गावच्या दूध संस्थेत फोन केला आणि गाई भरवणाऱ्या, म्हणजे कृत्रिम रेतन करणाऱ्या, डॉक्टरकडून नायट्रोजनचा कॅन मागून आणला. मोटारसायकलवर मागे बसून, कॅन मांडीवर घट्ट धरून आल्या होत्या. पदर उडत होता, चेहऱ्यावर धूळ. "गाईंच्या वाट्याचं आणलंय," म्हणाल्या, "सांडू नका."

त्यांची एक अट मात्र संस्थेत कुणालाच पटायची नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे प्रयोगाला यायचा. तो ज्याचा किंवा जिचा, त्या माणसाला आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन भेटायचं. संमती घेणारे वेगळे असायचे, कागद वेगळे. आम्ही नुसतं भेटायचं, बसायचं, बोलायचं. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेले भात पिकवणारे म्हातारे, मिश्री लावून लावून गाल आतून सोललेल्या बाया, तंबाखूची पुडी अजून खिशात असलेली तरणी पोरं... मला सुरुवातीला ते फार जड जायचं. मी एकदा म्हटलं, मॅडम, यानं प्रयोगात काय फरक पडतो? "प्रयोगात नाही पडत," त्या म्हणाल्या.

रुग्णांकडून आलेले तुकडे काचेत क्वचितच रुजतात. बहुतेक मरतात. म्हणून जगभर सगळेच कामासाठी आधी रुजलेल्या, पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या पेशी वापरतात. प्रयोगशाळा त्या एकमेकींना देतात, आपल्याकडे शेजारणीकडून विरजण आणतात तशा. आमच्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी अशाच एका परगावच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या. त्यांच्यावर मी काम केलं. एक प्रोटीन बंद पाडलं की त्या पेशींचं पसरणं थांबतं, असं मला दिसलं. एकदा दिसलं, दहादा दिसलं. पेशी जागच्या जागी बसून राहायच्या. मॅडमनी मला पुन्हा पुन्हा करायला लावलं, आणि प्रत्येक वेळी तेच आलं. आम्ही ते एका चांगल्या नियतकालिकात छापलं. दत्तानं त्याच पेशींवर पुढचं काम धरलं. पहिल्यांदा वाटलं, या सगळ्या भांडी घासण्याला अर्थ होता.

एका स्थानिक पेपरात छोटी बातमी आली आणि आमच्या गावात पारापाशी हा मोठा फ्लेक्स लागला. माझा कॉलेजातला फोटो आणि खाली, "कर्करोगावरील औषधाचा शोध लावल्याबद्दल गावच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन." मी तात्यांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, हे चूक आहे, औषध वगैरे नाही, काढायला सांगा. तात्या म्हणाले, "पोरांनी हौसेनं लावलाय. उगं कशाला?" मी पारावर जाऊन मुलांनाही सांगितलं. त्यांना तो माझा विनय वाटला. सत्यनारायण झाला, नारळ दिले. मॅडमना मी फ्लेक्सचा फोटो दाखवला तेव्हा त्या हसल्या नाहीत. "हा लवकर उतरव," एवढंच म्हणाल्या.

प्रबंध लिहायला घेतला त्या सुमारास दत्ता एकदा मॅडमना म्हणाला, "पेशी फार जोरात वाढतात. एवढ्या जोरात वाढायला नकोत." दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं झालं, काम लवकर उरकेल. मॅडमनी काही पेशी तपासणीला पाठवल्या. माणसाच्या बोटांचे ठसे असतात तशी पेशींच्या डीएनएवरून त्यांची ओळख पटवता येते. अहवाल आला त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कागद आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ह्या तोंडाच्या पेशी नाहीत."

"मग कसल्या?" दत्तानं विचारलं.

"गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. वेगळ्याच कुणा बाईच्या. आपल्याकडे आल्या तेव्हापासून ह्याच आहेत. बाटलीवरचं नाव तेवढं तोंडाचं." कागदावरून त्यांनी हात फिरवला. "हराळी शिरली रे शेतात."

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. हराळी एकदा शिरली की पीक कुठलंही असो, शेवटी रानात हराळीच उरते. काही पेशी अशा असतात, दांडग्या. एखाददुसरी चुकून दुसऱ्या बाटलीत गेली की मूळच्या पेशींना खाऊन टाकते आणि त्यांच्या नावानं जगत राहते. जगभर असं झालेलं आहे, कितीतरी चांगल्या ठिकाणी. पण ते मला नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच समजलं की मी इतकी वर्षं जे पाहिलं ते खरं होतं, पण ज्याच्याबद्दल सांगितलं त्याचं नव्हतंच.

मॅडमनी त्याच आठवड्यात नियतकालिकाला लिहून तो लेख मागे घेतला. संस्थेतले एक वरिष्ठ आमच्यादेखत त्यांना म्हणाले, "मॅडम, कोण तपासायला बसलंय? पोरांचे प्रबंध होऊ द्यात, मग सावकाश बघू." मॅडम म्हणाल्या, "मी तपासलंय ना, सर." ते चिडले. लेखावर संस्थेचं नाव होतं, शोभा झाली असं त्यांना वाटलं. पुढे काही वर्षं मॅडमकडे नवे विद्यार्थी देणं बंद झालं, आणि जी जागा त्यांना मिळायची होती ती मिळाली नाही. यावर त्या कधी बोलल्या नाहीत.

आम्हाला त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून करावं लागेल. मी आहे." दत्ता उठून गेला. मी बॅग भरून गावी आले.

तो ऊसतोडीचा हंगाम होता. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, कारखान्याकडून मळीचा वास. आई पुढ्यात ताट ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मला मॅडमचा राग होता. त्यांचं बरोबर होतं हे कळत होतं, म्हणून जास्त. लग्नाची दोन स्थळं मी प्रबंधापायी थांबवली होती, आता काय सांगायचं? फोन आला की मी उचलायची नाही. एक दिवस अंगणात जीप थांबली आणि मॅडम उतरल्या. एसटीनं श्रीगोंद्यापर्यंत, पुढे वडाप. साडी धुळीनं भरलेली, हातात नेहमीची शेंगांची पिशवी. तात्यांनी बाज टाकली. आईनं पाणी दिलं. तात्या गप्प बसणारे, पण त्या दिवशी बोलले. "म्याडम, रागावू नका. पोरीचं वय चाललंय. पयल्यापसनं करायचं म्हंजी किती वर्सं?"

"सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि गेलेली वर्षं मला परत देता येणार नाहीत, तात्या. हिनं नाही म्हटलं तर तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तेवढं सांगायला आले."

मला वाटलं होतं समजूत घालतील. त्यांनी घातली नाही, आणि त्याचाही मला राग आला.

तेवढ्यात शेजारच्या शेवंतामावशी आल्या. म्हशीच्या धारा काढून, हात पदराला पुसत. मॅडमना बघून त्यांना आनंद झाला. "ह्याच व्हय तुजी म्याडम? बरं झालं आल्या. म्याडम, आमच्या पोरीचं औसद कवा येतंय बाजारात?" आणि त्यांनी गाल बोटानं ओढून दाखवला. आत पांढरा चट्टा आणि मधोमध खोल जखम.

मॅडमनी चूळ भरायच्या तांब्यानं हात धुतले, मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं. "कधीपासून आहे हे?"

"पोळ्याच्या आधीपसनं आसंल."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दावलं की. श्रीगोंद्याच्या डाक्टरनं नगरला जा म्हनून सांगितलं. त्यो म्हनला, कापावं लागंल. म्या म्हनलं, आपल्याच पोरीनं औसद काढलंय, मंग कशाला कापाकापी करून घ्यायची? चार म्हैने कळ काढू..."

तात्यांनी मान खाली घातली. मावशी शेजारीच राहत होत्या आणि पोळ्यापासून आमच्यापैकी एकानंही हे पाहिलं नव्हतं. त्यांनीही दाखवलं नव्हतं. वाट बघत होत्या. आमच्या औषधाची.

"शेवंताबाई," मॅडम म्हणाल्या, "औषध निघालेलं नाही."

"पेपरात आलं हुतं न्हवं?"

"आलं होतं. ते चुकलं. माझ्या प्रयोगशाळेत चुकलं."

मावशी बघत राहिल्या. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. "मंग बोर्डावर कशापायी लिवलं?" तो बोर्ड तोवर पारावरून उतरला होता आणि वरच्या आळीत कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर टाकलेला होता, माझा चेहरा वर. "शिकल्याली मान्सं तुमी," मावशी म्हणाल्या, "आन आमी अडानी ते अडानीच." आईनं चहा पुढे केला, तो न घेता त्या निघून गेल्या. मॅडम त्यांच्यामागे गेल्या. पडवीत उभ्या राहून काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं नगरला येतील बहुतेक. नाही आल्या तर मी परवापर्यंत थांबते."

सकाळी स्टँडवर मावशी आधीच येऊन बसल्या होत्या, पोराला घेऊन, पिशवीत भाकरी बांधून. मॅडमशी बोलल्या नाहीत, पण त्यांच्या शेजारच्या सीटवर बसल्या. त्या गाडीत मीही चढले. बॅग घ्यायची राहिलीच. ती नंतर तात्यांनी पोचवली. का चढले, ते त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मॅडमनी विचारलं नाही. खिडकीशी सरकून जागा दिली.

मावशींचा खालचा जबडा अर्धा काढावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात जाऊन बसले. मावशी म्हशीबद्दल बोलत होत्या, धार कोण काढत असेल, नवीन माणसाला ती लाथ मारते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या संमतीनं आलेला तुकडा बर्फातल्या नळीत घेऊन मी जिना चढले. तो रुजला नाही. मी खूप केलं. रोज बघायची. एक सकाळ अशी आली की बाटलीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही मायक्रोस्कोपातून पाहिलं. "टाकून दे," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "मी टाकते, राहू दे."

मावशी पुढे काही वर्षं जगल्या. त्यांचं बोलणं घरच्यांनाच समजायचं. माझ्या लग्नात आल्या होत्या, पदर तोंडावर ओढून मांडवाच्या कडेला बसल्या, पण आल्या. नंतर तो आजार उलटला. वाट बघण्यात गेलेल्या त्या महिन्यांनी किती फरक पडला, हे मी सर्जनना कधी विचारलं नाही. मॅडमनी विचारलं होतं, मला माहीत आहे. त्यांनी ते मला सांगितलं नाही.

दत्ता परत आला नाही. आईवडील थकले होते, कोयता हातात धरवत नव्हता, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं परवडणारं नव्हतं. मॅडमनी ओळखीपाळखीनं त्याला ज्युनिअर कॉलेजात जागा मिळवून दिली. तो त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलला नाही. मी एकटीच उरले. नवीन पेशी आल्या त्या ओळख पटवूनच आल्या, मग तेच प्रोटीन, तेच प्रयोग. तोंडाच्या खऱ्या पेशींवर ते प्रोटीन बंद पाडल्यानं काहीही झालं नाही. पेशी पसरतच राहिल्या. ते "काही झालं नाही" हे पक्कं करायला मला आधीच्या "झालं"पेक्षा जास्त वर्षं लागली. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी शेवटी चष्मा काढून विचारलं, "मग तुम्हाला नेमकं काय सापडलं?" मी म्हटलं, "हा रस्ता बंद आहे, एवढं सापडलं, सर." मला वाटलं, आता गेलं सगळं. त्यांनी सही केली. बाहेर आले तर मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी उठवलं नाही, शेजारी बसून राहिले.

निवृत्तीनंतर त्या पारनेरकडे गावी गेल्या, भावाकडे. लग्न केलेलं नव्हतं. त्यांची प्रयोगशाळा माझ्याकडे आली, हे त्यांनी मागून मिळवलं की आपोआप झालं, कोण जाणे. अधूनमधून फोन करायच्या. कशी आहेस, हे नंतर, आधी, "बुरशी आली का कुठे? पेशी तपासल्यास?" पावसाळा सरता सरता मी त्यांना भेटायला गेले ती शेवटची भेट. ओट्यावर बसल्या होत्या. समोर बाजरी कापणीला आलेली, बांधावर पाखरं हाकायचे आवाज. पाय सुजलेले दिसत होते. मी म्हटलं, नगरला येऊन दाखवा. "दाखवते," म्हणाल्या, जशा सगळ्या म्हणतात. बोलता बोलता थांबल्या आणि विचारलं, "सुरेखा, आपण काही शोधलं का गं?"

माझ्या मनात किती उत्तरं आली. तुम्ही इतकी माणसं घडवलीत, वगैरे. ती मी निरोप समारंभात एकदा दिली होती. त्यांना ती नको होती, हे समोर दिसत होतं.

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "फारसं नाही."

त्या मोकळेपणानं हसल्या. "खरं बोललीस. जेवून जा."

दशक्रियेला आम्ही जुने विद्यार्थी जमलो. दत्ता पाथर्डीहून आला होता, केस पांढरे, कॉलेजात आता उपप्राचार्य. तळ्याकाठी कावळ्याची वाट बघत आम्ही दोघं लांब उभे होतो. तो म्हणाला, "बाई बरोबर होत्या. मला तेव्हाही माहीत होतं." मग म्हणाला, "पण माझी वर्षं गेली, सुरेखा. ती गेलीच." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलंय. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा रामभाऊ पुढे झाले आणि म्हणाले, "आक्का, तुझ्या पोरांची काळजी करू नको." कावळा तरीही जरा उशिरानंच आला. दत्ता हसला. "तपासून मगच," म्हणाला. आणि मग तो रडला.

परवा दिवाळी झाली. आमच्या कामाला सणवार नसतो; पेशींना पाडव्यालाही खाद्य लागतं. मॅडम होत्या तोवर पाडव्याची पाळी त्या स्वतः घ्यायच्या, मुलांना घरी पाठवून द्यायच्या. मी प्रमुख झाल्यापासून आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. या वर्षी मी टाकल्या नाहीत. सकाळी अंघोळ करून, मुलाला ओवाळून, तशीच निघाले. संस्थेत कुणी नव्हतं. वॉचमननं दार उघडून दिलं आणि हातावर चकली ठेवली. ती मी बाहेरच खाल्ली. आत सगळं गार, स्वच्छ, यंत्रांची एकसुरी घरघर. अकोले तालुक्यातून आलेल्या एका बाईंच्या गाठीचा तुकडा आठवड्यापूर्वी लावला होता. बाटली मायक्रोस्कोपखाली धरली. काठाशी काहीतरी चिकटल्यासारखं दिसत होतं... पेशी असतील, किंवा मेलेला कचरा असेल. एवढ्यात सांगता येत नाही. पूर्वी अशा वेळी मी मॅडमना हाक मारायची, त्या यायच्या, माझ्या खांद्यावर हात टेकून वाकायच्या आणि पाहून झाल्यावरही हात तसाच राहू द्यायच्या. मी बराच वेळ तशीच वाकून बसले. मग खाद्य बदललं, बाटली जागेवर ठेवली, आणि दिवा मालवताना सवयीनं म्हटलं, "मॅडम, येते."